चिंगीचं भ्या

जीप वस्तीवर आली तेव्हा रंगुबाई शेळ्यांच्या वाड्यात लेंड्या झाडत होती, आणि चिंगी तिच्या पाठीशी उभी राहून पदराचा शेव चघळत होती. आता असं असल्यावर कुठल्या तोंडानं म्हणायचं, की हरीण आमचं न्हाई? चोर मुद्देमालासकट सापडला म्हणतात ना, त्यातली गत.

जीपमधून वनखात्याचे साहेब उतरले. त्यांच्या मागं उदयसिंह गार्ड, खाली मान घालून. हा उदयसिंह आठवड्याला मोटरसायकलवरून कोळेकर वस्तीवर यायचा, तिच्या नवऱ्याच्या, बिराप्पाच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, आणि चिंगी त्याच्या बुटाची नाडी ओढत असली तरी आभाळाकडं बघत पावसापाण्याच्या गप्पा मारायचा. बघून न बघितल्यासारखं करणं हीसुद्धा एक माणुसकीच. पण आज साहेब बरोबर होते.

"हे हरीण कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"देवाचं," रंगुबाई म्हणाली. हातातला खराटा तिनं खाली ठेवला नाही.

"देवाचं आहे तर तुमच्या गोठ्यात काय करतंय?"

"गळ्यात दावं हाय का बगा की! आपल्या पायानं हिंडतंय. जातंय तर जाऊ द्या."

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिच्यापुढं धरला. पडद्यावर चिंगी होती. भुऱ्या कुत्र्याच्या पोटाशी मुटकुळं करून झोपलेली, आणि भुऱ्या तिचा कान चाटत होता. वर कसलंसं गाणं. रंगुबाईनं ओळखलं, हा आपलाच वाडा, ही आपलीच पाटी, आणि कोपऱ्यात दिसतंय ते आपलंच फाटकं घोंगडं.

"अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलंय हे," साहेब म्हणाले.

रंगुबाईची मान गर्रकन वळली. राणी दारात उभी होती. वडूजच्या कॉलेजात जाणारी, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे माळावर धावणारी, गोळा फेकून दंड कमावलेली पोर, पण आईची नजर पडल्यावर ती चौकटीआड सरकली.

"आये, मला काय म्हाईत असं हुईल म्हणून..."

"जळलं तुझं ते मोबाईल! घरातलं झाकून ठिवायचं सोडून गावभर दवंडी पिटलीस व्हय गं?"

बिराप्पा तोवर पटका सावरत पुढं झाला होता. आयुष्यात कुणापुढं आवाज न चढवलेला माणूस. त्यानं आधीच हात जोडले, आणि ते जोडलेले हात बघून रंगुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सायेब, बाजरीच्या काडणीत गावलं," तो म्हणाला. "मोकाट कुत्र्यांनी आय फाडल्याली. पाडस उभ्या ताटांत दडून बसलं हुतं. शेळीचं करडू मेलं हुतं, तिच्या थानाला लावलं. त्यात आमचं काय चुकलं आसंल तर..."

"माणुसकी केलीत, चांगलं केलंत. पण हे कायद्यानं घरात ठेवता येत नाही. आत जावं लागेल तुम्हाला. कळवायला नको होतं?"

"कळवलं हुतं की!" रंगुबाई खराटा घेऊन पुढं आली. "ह्यांनी फोन केल्ता तुमच्या हापिसात. सायेब मीटिंगला गेल्यात, तवर दूद पाजा म्हणले. ती मीटिंग आज सुटली व्हय?"

उदयसिंह बुटाकडं बघायला लागला. पण कायदा तो कायदा. पिंजरा खाली उतरवला गेला.

आता चिंगीला धरणार कोण? ड्रायव्हर पुढं झाला तर ती टुणकन उडी मारून शेळ्यांत घुसली. साहेबांनी हात केला तर भुऱ्यानं दात दाखवले. शेवटी सगळ्यांचे डोळे रंगुबाईकडं वळले. खराटा टाकून ती पिंजऱ्याकडं चालायला लागली, आणि चिंगी आपली तिच्या मागं मागं, पदराचं टोक तोंडात धरून. पिंजऱ्यात आधी रंगुबाईनं स्वतःचं डोकं घातलं तेव्हा कुठं चिंगी आत गेली. मग रंगुबाई बाहेर आली, आणि दार लागलं. जीप डांबरीला लागेपर्यंत भुऱ्या तिच्या मागं पळत होता.

त्या दिवशी वस्तीवर चूल पेटली नाही. पाडसाला कसं वाचवलं होतं हे काय बिराप्पा विसरला असेल? शेळी जवळ घेईना म्हणून त्यानं पाडसाच्या अंगाला तिचंच दूध आणि मीठ चोळलं होतं. मिठाच्या गोडीनं शेळी चाटायला लागली, चाटता चाटता पान्हा सोडायला लागली. मग भुऱ्यानं गुरगुरू नये म्हणून पाडस त्याच्या कुशीत निजवलं, एका वासाचं केलं. आणि इतकं करून शेवटी जेलाची भीती घालून नेलं.

जूनमध्ये खात्याचं बोलावणं आलं. पर्यावरण दिनाला चिंगीला कुरणात सोडणार होते. माळापलीकडच्या टेकडीवर खात्यानं तारेचं कुंपण घालून गवत राखलं होतं, तिथं आधीची दहा-पाच हरणं होती. गाडी घेऊन उदयसिंह स्वतः न्यायला आला.

"बिराप्पाआबांचा सत्कार हाय, मावशी. शाल आन नारळ."

"मागच्या खेपेला आत टाकत हुतासा, आज शाल पांगरताय? तुमच्या खात्याचं डोस्कं ठिकाणावर हाय का रं?"

पण गेली ती. चिंगी दिसणार म्हटल्यावर न जाऊन करते काय? मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, कुणीतरी पुढारी झेंडूचा हार गळ्यात घालून बसले होते. बिराप्पाला शाल पांघरली. भर उन्हात तो शाल घेऊन उभा राहिला, घामानं निथळत, काढावी का ठेवावी हेही त्याला कुणी सांगेना. मग पिंजऱ्याचं दार उघडलं आणि सगळ्यांनी मोबाईल वर केले.

चिंगी बाहेर आली. समोर गुडघाभर गवत, त्यापलीकडं टेकडी. तिनं टेकडीकडं बघितलं, कान हलवले, आणि सरळ मागं वळून मांडवात शिरली. खुर्च्यांच्या मधून वाट काढत पुढाऱ्यांपाशी गेली आणि त्यांच्या गळ्यातला हार खायला लागली. मांडव हसून लोटपोट. पुढारी म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात निसर्ग आणि माणसाचं नातं!" टाळ्या पडल्या.

खरं सांगायचं तर रंगुबाईही हसली. इतके दिवस ठेवून घेतली तरी आपलीच आहे म्हणून तिची छाती भरून आली. ती "चिंगेऽ" म्हणाली मात्र, चिंगी हार सोडून पळत आली आणि तिच्या तळहाताला नाक लावलं. बाया म्हणाल्या, काय बाई माया! रंगुबाईच्या डोळ्याला धार लागली. आपण कशावर हसतोय आणि कशावर रडतोय हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढं कळलं तेव्हा तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी वाटली.

साहेबांनी बजावलं होतं, कुंपणापाशी यायचं नाही, चारायचं नाही. ऐकते कशाला? शेळ्या घेऊन त्याच अंगाला जायची. कुंपणाला तोंड लावून हाक द्यायची. चिंगी कुठूनही धावत यायची. तारेतून हात घालून रंगुबाई तिला भाकरी चारायची, कान खाजवायची, घरची सगळी हकीकत सांगायची. भुऱ्या तारेतून नाक घालून तिचं तोंड चाटायचा. पलीकडं टेकडीवरची हरणं मान उंच करून हे बघायची आणि लांब निघून जायची. रंगुबाईला वाटायचं, किती माणूसघाणी जात ही!

बाजरीची पेरणी झाली, उगवण बरी झाली. खुरपणीला रंगुबाई आणि राणी पात धरून बसल्या होत्या, बिराप्पा जवळच शेळ्या राखत होता, तेव्हा उदयसिंह बांधावर आला. आज तो आभाळाकडं बघत नव्हता.

"मावशी, तुमी चिंगीला भाकरी चारता का?"

"चारती. मग? फाशी देताय?"

"डांबरीवरच्या ढाब्याची कुत्री कुरणात शिरली काल."

रंगुबाईच्या हातातलं खुरपं थांबलं.

"बाकीची हरणं नुसता वास लागला तशी टेकडीपल्याड गेली," उदयसिंह सांगायला लागला. "आन चिंगी... मावशी, चिंगी कुत्र्यांकडं गेली. चालत. शेपूट हलवत. मी लांबनं बघतोय, गाडीचा हॉरन वाजवतोय, आरडतोय, तर ती माझ्या आवाजानं आनखीच त्यांच्या आडोशाला जातीय."

"मेली?" राणीनं विचारलं.

"न्हाई. मागच्या मांडीचा लचका तोडलाय. डागदरनं टाके घातलेत. जगंल."

रंगुबाई उठली. आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा असा सुटला की बांधावरच्या बाभळीची पाखरं उडाली. तुमच्या खात्याला साधी एक तार नीट बांधता येत नाही, हार घालून घ्यायला बरं येतं! हे आमचे मालक, कुत्र्याच्या कुशीत हरीण निजवतात, लय मोठं शाणपण! आणि ही आमची शिकलेली लेक, तिला मोबाईलवर नाचवते! एकेकाला तिनं सोलून काढलं. बिराप्पा शांतपणे ऐकत होता. ती दम खायला थांबली तेव्हा तो म्हणाला,

"कुत्रं म्हंजी राखणदार, एवडंच ठावं हाय तिला. काय बी आलं की शेळ्या भुऱ्यामागं जात्यात. तीबी गेली."

"आन मी?" रंगुबाई ओरडली. "माझं नाव घ्या की! मी काय केलं?"

मग उदयसिंहानंच सांगून टाकलं. "तिला भ्या न्हाई, मावशी. माणसाचं न्हाई, कुत्र्याचं न्हाई. तुमची हाक ऐकून रोज तारंला येती, तशी कुणाच्याबी हाकंला येती. परवा ढाब्यावरच्या पोरांनी भजी दाखवली तर तिथंबी आली. भ्या आसतं तर ती ह्या हरणांबरबर ऱ्हायली आसती. फुडच्या खेपंला मी तिथं आसंन, नसंन."

"परत आणा तिला."

"आणली तर हितं न्हाई यायची. कायमची पिंजऱ्यात जाईल, कुठल्या तरी शहरात."

"मग करायचं तरी काय?"

"भ्या शिकवायचं. आमी लाख हाकललं तर ती आमाला परकं समजून तुमच्याकडंच पळंल. ज्याच्यावर इस्वास हाय त्यानंच तो मोडाय पायजे."

रंगुबाई त्या रात्री जेवली नाही, आणि टाके सुटेपर्यंत कुंपणाकडं फिरकली नाही.

टाके निघाल्याचा निरोप आला त्या सकाळी तिनं कोपऱ्यातली काठी घेतली. भाकरी घेतली नाही. बिराप्पाला म्हणाली, "चला."

"मी जल्मात जनावरावर हात उचलला न्हाई. माझ्यानं न्हाई हुयाचं."

"मग बसा घरात बांगड्या भरून! चांगुलपणा तुमी करायचा आन पाप मी फेडायचं." ती राणीला घेऊन निघाली. भुऱ्याला खुंट्याला बांधून ठेवलं होतं.

उदयसिंहानं फाटक उघडलं आणि तो मोटरसायकलवर पाठ करून बसला. रंगुबाईला हाक मारायला लागलीच नाही. तिचा वास आला असेल की पायाचा आवाज, चिंगी गवतातून लंगडत, उड्या मारत आली. मांडीवर पांढुरका चट्टा होता, केस अजून यायचे होते. पंधरावीस पावलांवर आली तशी रंगुबाईनं दगड उचलला आणि सगळा जोर लावून फेकला.

दगड चिंगीच्या डोक्यावरून गेला आणि तिच्या मागं पडला. चिंगी दचकली, आणि दगडापासून पळाली. म्हणजे रंगुबाईकडं.

"हाड! जा! जातीस का न्हाई!" दुसरा दगड. तोही पलीकडं पडला. चिंगी आणखी जवळ आली. तिसरा डाव्या अंगाला पडला तर ती उजवीकडून आली. आता धनगराचा दगड तो! जनावराला लागायसाठी तो कधी उचललेलाच नसतो. शेळी पिकाकडं चालली की तिच्या पुढं दगड टाकायचा, शेळी बिचकून मागं फिरते, कळपात येते. लहानपणापासून रंगुबाईचा हात त्याच मापाला बसलेला. पदर कमरेला खोवून, दात-ओठ खाऊन ती फेकत होती, आणि तिचा प्रत्येक दगड चिंगीला सांगत होता, मागं फीर, घरी ये. चिंगीला ती भाषा पाठ होती. बिचारी ऐकत होती.

रंगुबाई मटकन खाली बसली आणि स्वतःच्या उजव्या हातावर डाव्या हातानं फाडफाड मारायला लागली. "ह्याला रोग आला! ह्याला लकवा मारो! एक दगड धड मारता येत न्हाई!"

"आये, नको गं," राणी रडत होती. "चल घरी."

"गप! घे दगड. गोळा टाकतीस न्हवं? टाक!"

"माझ्यानं न्हाई व्हायचं."

"मोबाईल धरताना झालं की! तवा बरा हात चालला! टाक म्हणती न्हवं!"

राणीनं डोळे पुसले आणि दगड उचलला. तिचा हात धनगराचा नव्हता, मैदानावरचा होता. दगड चिंगीच्या बरगडीवर धप्पकन बसला.

चिंगीनं जागच्या जागी उडी मारली. ती दोघींकडं बघत राहिली, कुठून काय आलं हे तिला उमगेना. तेवढ्यात दावं तोडून, तुटकं टोक गळ्यात लोंबवत भुऱ्या फाटकातून आत आला. चिंगी थेट त्याच्याकडं धावली आणि त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. शेळ्या राहतात तशी. आणि भुऱ्या वळला. त्यानं राणीकडं बघितलं, तिच्या हातातल्या दुसऱ्या दगडाकडं बघितलं, आणि गुरगुरला.

"भुऱ्या!" रंगुबाई काठी घेऊन पुढं झाली. "बाजूला हो!"

भुऱ्या हलला नाही. शेपूट पायात गेली होती, अंग थरथरत होतं, पण दात विचकलेलेच होते. ज्या बाईनं त्याला दुधात भाकरी कुस्करून वाढवला तिच्यावर तो दात काढत होता, आणि त्याचं काहीएक चुकलेलं नव्हतं. तोही राखणच करत होता. हे सगळं कळत असताना रंगुबाईनं काठी त्याच्या नाकाडावर हाणली. भुऱ्या केकाटला, मागं कोलमडला, पुन्हा उठून तिथंच उभा राहिला. दुसऱ्यांदा हाणली. तेव्हा राणीनं धावत जाऊन त्याच्या गळ्यातलं दावं धरलं आणि त्याला फरफटत फाटकाकडं ओढत नेलं. त्याचं केकाटणं टेकडीवर घुमत होतं.

आता मध्ये कुणी नव्हतं. चिंगी तरी पळाली का? नाही. ती आली, आणि रोजच्यासारखं रंगुबाईच्या तळहातात नाक घातलं. भाकरी हुंगत होती.

रंगुबाईच्या हाताला तो ओला श्वास लागला. तिला वाटलं, घ्यावी उचलून आणि पळत सुटावं, कुठलं खातं आणि कुठला कायदा! पण डोळ्यापुढं ती ढाब्यावरची कुत्री आली, आणि त्यांच्याकडं शेपूट हलवत चाललेली ही. तिनं डाव्या हातानं चिंगीचा कान धरला. उजव्या हातानं काठी उचलली आणि जिथं टाके काढले होते, जिथं सगळ्यात जास्त लागेल, तिथंच हाणली.

चिंगीच्या नाकातून एक आवाज निघाला, शिंकेसारखा, फाटका. इतक्या दिवसांत तो आवाज रंगुबाईनं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कान हिसडून ती निसटली. दहा पावलांवर थांबून तिनं वळून बघितलं. रंगुबाई काठी परजत तिच्या अंगावर धावली.

"पळ! पळ सटवे! परत तोंड दाखवशील तर तंगडी मोडून हातात दीन! माणूस दिसलं की पळायचं! कुत्रं दिसलं की त्याच्या आदी पळायचं! तुझी आय मेलीया! दोनी आया मेल्यात तुझ्या!"

अंबाडा सुटला, पदर काट्याला अडकून फाटला, पायातली चप्पल कुठं गेली कळलं नाही. चिंगी टेकडीपलीकडं दिसेनाशी झाली तरी रंगुबाई शिव्या देत पळतच होती. घसा बसला तेव्हा थांबली. उदयसिंहानं अजून तोंड फिरवलं नव्हतं.

त्यानंतर भुऱ्यानं रंगुबाईच्या हातची भाकरी खाल्ली नाही. ती टाकायची आणि तो बाजूला जाऊन बसायचा; ती घरात गेली की उठून खायचा. हे तिला परवडलं. पण चिंगीचा पत्ता लागेना, हे परवडेना. उदयसिंह येऊन सांगायचा, दिसली नाही. हाडं सापडली का? तीही नाहीत. ढाब्याकडं? तिकडंही नाही. बाजरी निसवली, कणसं भरली, पाखरं राखायला माचाण बांधलं. माचाणावर बसून रंगुबाई गोफण फिरवायची आणि तोंडानं पाखरांना, कुत्र्यांना, खात्याला, नवऱ्याला, सगळ्यांना शिव्या घालायची.

"जिती आसंल," बिराप्पा म्हणायचा.

"तुमाला काय सपान पडलं?"

"भ्या एकदा शिरलं की सगळ्याचंच शिरतंय. पळाली आसंल लांब."

"आन पळताना लंगडी मागं ऱ्हायली आसंल तर? मीच हाणलंय तिथं! मीच!" असं म्हणून ती खुशाल रडायची. ऐकणारा नवराच, लाज कसली?

गणपती उठले आणि पुन्हा जीप आली. साहेब स्वतः उतरले. साताऱ्याचे कोणी पाहुणे आले होते, मोठा कॅमेरा घेऊन. हार खाणाऱ्या हरिणीचा व्हिडिओ त्यांनी बघितला होता आणि तीच त्यांना बघायची होती. सकाळपासून फिरून ती कुणाला दिसली नव्हती.

"मावशी, तुम्ही हाक मारली की येते म्हणे ती," साहेब म्हणाले. "जरा चला. पाच मिनिटांचं काम."

बिराप्पाला वाटलं, आता ही साहेबांचं काही ठेवत नाही. पण रंगुबाई गुमान जीपमध्ये बसली. तिला पाहुण्यांचं काय पडलं होतं? तिला एवढंच बघायचं होतं, की पोर आहे का गेली.

कुरणात गवत छातीला लागत होतं. लांब, टेकडीच्या उतारावर हरणांचे ठिपके चरत होते. साहेबांनी सगळ्यांना झुडपाआड बसवलं आणि हळूच म्हणाले, "हं, मारा हाक."

"मी हाक मारणार न्हाई."

"अहो, मग आलात कशाला?"

रंगुबाई झुडपाच्या बाहेर आली, उघड्यावर, आणि उताराकडं चालायला लागली. साहेब मागून "मावशी, खाली बसा" म्हणत होते. ती एका खडकावर चढली आणि ताठ उभी राहिली. दिसू दे. तिला सगळी दिसू दे.

उतारावरची एक मान वर झाली. मग ते अंग आडवं वळलं, आणि मांडीवरचा बिनकेसाचा चट्टा उन्हात पांढरा दिसला. उदयसिंह मागं कुजबुजला, "तीच हाय!" पाहुण्यांचा कॅमेरा वर झाला.

चिंगी रंगुबाईकडं बघत होती. रंगुबाईचा उजवा हात आपसूक पुढं व्हायला लागला, तो तिनं पदराखाली घेतला आणि डाव्या हातानं मनगट गच्च दाबून धरलं. येऊ नको. ये गं. येऊ नको. दोन्ही एकाच वेळी तिच्या मनात चाललं होतं, आणि दोन्ही खरं होतं.

चिंगीनं पुढचा पाय जमिनीवर आपटला. नाकातून तो शिंकेसारखा आवाज काढला. आणि सगळ्यांच्या आधी पळाली. बाकीची हरणं तिच्या इशाऱ्यानं उधळली, तिच्या मागून गेली. बघता बघता उतार मोकळा झाला.

"अरेरे, गेली!" पाहुणे म्हणाले. "आपल्या सगळ्यांना घाबरली वाटतं."

"तुमाला न्हाई," रंगुबाई खडकावरूनच म्हणाली. "मला. मला घाबरली."

"हाक मारली असती तर आली असती ना, मावशी," साहेब चिडून म्हणाले. "एवढ्या लांबून आलेत हे लोक."

"आली आसती तर हितंच तिचं तंगडं मोडलं आसतं!" रंगुबाई ओरडली. खडकावर बसून, तोंडाला पदर लावून, तिनं मोठ्यानं हंबरडा फोडला. पाहुणे गोंधळले. त्यांनी कॅमेरा खाली केला.

"ह्यांना काय झालं?"

साहेबांनी उदयसिंहाकडं बघितलं. उदयसिंह काही सांगणार, तोवर रंगुबाईनं पदरानं नाक शिंकरलं आणि उठून उभी राहिली. डोळे लाल, आवाज फाटलेला, पण तोंड तेच.

"काय न्हाई झालं. लेक नांदाय लागली माझी. आता बसा तुमच्या गाडीत आन जावा."